अँटिव्हायरस आहे ना, मग भीती कसली?

प्रश्न : गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरची आंब्याची बाग, शिवाय चार खोल्यांचं होमस्टे. बुकिंगचं रजिस्टर, पेट्यांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती, पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो, मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळं एकाच डेस्कटॉपवर. तो २०१७ साली घेतलेला, विंडोज १० वर चालणारा. मागच्या महिन्यात बुकिंग साइटच्या नावाने त्यांना मेल आला : एका पाहुण्याने तक्रार केली आहे, २४ तासांत उत्तर द्या. लिंक उघडल्यावर 'मी रोबो नाही' असा चौकोन आणि त्याखाली कीबोर्डवरची काही बटणं क्रमाने दाबायची सूचना. त्या दाबणार, एवढ्यात लाईट गेली. रात्री घरात विषय निघाल्यावर यजमान म्हणाले, "एवढी महागाची टोटल सिक्युरिटी घेतलीय ती कशाला? तिने पकडलंच असतं." पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, त्याने मशीन फक्त स्लो होतं. ते काही लागत नाही. तू नीट बघून क्लिक करत जा, झालं." ताई विचारतात, दोघांपैकी बरोबर कोण? आणि पुढच्या महिन्यात त्या विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपते, पैसे परत भरावेत का?

उत्तर :

ताई, लाईट गेली ते बरं झालं. कोकणातल्या कुणाला उद्देशून हे वाक्य लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आधी त्या मेलचं सांगते, कारण किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्या सगळ्यांनाच ते कामाचं आहे. बुकिंग डॉट कॉमचं नाव लावून हॉटेलवाल्यांना आणि लॉजवाल्यांना असे मेल पाठवण्याची मोहीम डिसेंबर २०२४ पासून चालू आहे, असं मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं होतं. त्यात दक्षिण आशियाचंही नाव होतं. कधी तक्रार, कधी पाहुण्याची चौकशी, कधी 'तुमचं खातं तपासायचं आहे', असं काहीही निमित्त असतं. या युक्तीला क्लिकफिक्स म्हणतात. तुम्ही 'मी रोबो नाही' वर टिक केलीत की ते पान गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवतं. मग सांगतं, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, नंतर कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्या जोडीने 'रन' नावाची छोटी चौकट उघडते, दुसरीने ती लपवलेली आज्ञा तिच्यात उतरते आणि एंटर दाबलं की ती चालू होते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा प्रोग्रॅम त्यातून आत येतो. कॉम्प्युटरच्या लेखी हे काम घरच्या मालकिणीने स्वतःच्या हाताने केलेलं असतं. खरा 'मी रोबो नाही' फार तर चित्रातल्या बस आणि सिग्नल ओळखायला लावतो. कीबोर्डवर काहीतरी दाबायला सांगणारं पान दिसलं की ते बंद करायचं. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

तुम्ही एंटरपर्यंत पोचला नाहीत, म्हणजे बहुतेक काही बिघडलेलं नाही. तरी जे अँटिव्हायरस चालू आहे त्याचा फुल स्कॅन एकदा करा. त्या पानावर बुकिंग खात्याचा पासवर्ड टाकला असेल, तर तो आजच बदला, आणि तोही फोनवरून.

आता तुमच्या घरातला वाद. यजमानांच्या सॉफ्टवेअरने ते पकडलं असतं का? पकडलं असतंही. पण 'पकडलंच असतं' यातल्या 'च' ला काही आधार नाही. ही युक्ती निघाली तीच मुळी अँटिव्हायरसला बगल द्यायला. मुलगा म्हणतो ते निम्मं खरं आहे, त्याच्याकडे येते. पण मला खटकली ती निराळीच गोष्ट. यजमानांनी जबाबदारी टाकली सॉफ्टवेअरवर, मुलाने टाकली तुमच्यावर, आणि दोघंही मोकळे झाले. त्या कॉम्प्युटरला घरात किती हात लागतात, त्यातलं काय गेलं तर परत मिळणार नाही, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा पत्रात 'बरोबर कोण' एवढंच विचारलंत.

मुलाच्या 'नीट बघून क्लिक कर' यात गृहीत असं आहे की सावध माणूस फसत नाही. मे महिना आठवा. पडवीत पेट्या भरायला घेतलेल्या, दोन नंबरच्या खोलीतले पाहुणे गरम पाणी येत नाही म्हणून दारात उभे, फोनवर मुंबईचं गिऱ्हाईक, आणि त्यात तक्रारीचा मेल. २४ तासांची मुदत त्यात उगाच घातलेली नसते. माणूस घाईत असताना गाठायचा, हाच तर त्यांचा धंदा. तुम्ही लिंक उघडलीत यात बावळटपणा काहीही नाही. 'बघून क्लिक कर' याला सवय म्हणत नाहीत. ती रोज पन्नास वेळा द्यायची परीक्षा झाली, आणि एकदा नापास झालात की बोल तुम्हालाच.

सॉफ्टवेअरकडे वळू. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हे अँटिव्हायरस आधीपासून असतं, फुकट. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था अँटिव्हायरसच्या चाचण्या घेत असतात. त्यांत डिफेंडर विकतच्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या पंक्तीत बसतं. दुसरं अँटिव्हायरस टाकलं की डिफेंडर आपण होऊन बाजूला सरतं. त्यामुळे तुम्ही पैसे मोजले ते मुख्यतः एका पहारेकऱ्याच्या जागी दुसरा आणायला, आणि सोबत येणाऱ्या जोडवस्तूंना : मुलांवर लक्ष ठेवायची सोय, दोन-तीन मशीनला एकच लायसन्स, अडलं तर फोनवर बोलायला माणूस. यातलं काही तुम्ही खरोखर वापरत असाल तर तो खर्च वाया नाही. वापरत नसाल, तर माझं मत स्पष्ट आहे, पैसे भरू नका.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. मुदत संपलेलं अँटिव्हायरस तसंच मशीनवर ठेवू नका. ते 'धोका, धोका' म्हणून ओरडत राहतं आणि नेमकी राखण कोण करतंय हे कळेनासं होतं. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून ते काढा, मशीन बंद करून चालू करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झालंय याची खात्री करा. दुसरं, ते घेताना कार्डावर आपोआप नूतनीकरण लावलं गेलं असेल तर ते बंद करा, नाहीतर सल्ला माझा आणि पैसे तुमचे गेलेले. आणि ते सॉफ्टवेअर असल्याने यजमानांना शांत झोप लागत असेल, तर ठेवा बापडं. त्याने नुकसान नाही. मात्र दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवायची हौस नको, दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. मशीन स्लो व्हायचं खरं कारण बऱ्याचदा जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क हे असतं. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली तर तोच कॉम्प्युटर वेगळा वाटतो.

विकतचं म्हणजे निर्धोक, हेही डोक्यातून काढा. अवास्ट हे जगभर वापरलं जाणारं अँटिव्हायरस. लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते याच दिवशी. ज्याला घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या त्याची गरज किती, हे आधी बघावं.

म्हणून अँटिव्हायरस नकोच असं नाही, आणि मुलाचं अर्धं चुकतं ते इथे. बागेच्या गडग्याने, म्हणजे दगडी कुंपणाने, गुरं अडतात, वांदर अडत नाहीत. म्हणून कुणी गडगा पाडत नाही, आणि गडगा आहे म्हणून एप्रिलात कुणी राखण सोडत नाही.

पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट यापैकी नाहीच. ती आहे विंडोज १०. त्याला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे विंडोजमध्ये चोरांना शिरता येईल अशी नवीन भोकं सापडतील, ती बुजवणारे अपडेट नेहमीच्या वाटेने येणार नाहीत. भोक उघडं असेल तर वर कितीही महागाचं अँटिव्हायरस ठेवा, उपयोग अर्धामुर्धाच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या, व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले.

घरगुती वापरासाठी विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तो दुवा असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसे पडत नाहीत. हे काम मुलाला सांगा, फोनवर शिकवण्यापेक्षा बरं. तुमचं मशीन २०१७ चं असल्याने त्यावर विंडोज ११ रीतसर बसेल असं वाटत नाही, त्याला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. तेव्हा टोटल सिक्युरिटीचे वाचलेले पैसे नव्या मशीनच्या नावाने बाजूला ठेवा.

एक अवघड प्रश्न विचारते, रागावू नका. तुमचं विंडोज खरं आहे ना? सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन हे पान उघडा. 'डिजिटल लायसन्स' असं काही दिसलं तर ठीक. 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने' चालू केलं आहे अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं, तर विचार करा, घरच्या कॉम्प्युटरला संस्था कुठली? बहुधा ज्याने मशीन जुळवून दिलं त्याने चोरीचं विंडोज टाकलं आहे. चोरीचं विंडोज चालू करून देणारे असले 'क्रॅक' प्रोग्रॅम चालवताना पहिली पायरीच 'अँटिव्हायरस बंद करा' अशी असते. त्यावर नंतर हजारो रुपयांची सुरक्षा विकत घेणारी घरं कमी नाहीत, आणि मला दर वेळी त्याचं नवल वाटतं.

आता राहिल्या सवयी. माझा भर आहे तो दमलेल्या अवस्थेतही आपोआप घडतील अशांवर. पहिली म्हणजे मेलमधल्या किंवा व्हॉट्सॲपवरच्या लिंकने कुठेही जायचं नाही. बुकिंगची साइट, बँक, वीजबिल, यांचे बुकमार्क ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीवर करून ठेवा. तक्रारीचा मेल आला की मेल तसाच सोडून त्या बुकमार्कवरून आत जा. तक्रार खरी असेल तर तिथे दिसेलच. मेल खरा की खोटा हे ओळखत बसायची गरजच उरत नाही, आणि हा मोठा सुटकारा आहे.

दुसरी, कॉम्प्युटरवर दोन खाती करा. सगळे अधिकार असलेलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं एक, त्याचा पासवर्ड फक्त तुम्हाला आणि यजमानांना ठाऊक. रोजच्या कामाला साधं खातं, तुमच्यासाठीसुद्धा. गणपतीत मुंबईचे पुतणे आले की त्यांना तिसरं. कुणी गेम टाकायला गेलं की मशीन पासवर्ड मागेल आणि पुतण्याला तुमच्याकडे यावं लागेल. मग ठरवा काय ते. एका दुपारचं काम आहे, आणि माझ्या मते कुठल्याही विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगाचं.

पाहुणेही आहेतच. 'जरा तिकिटाची प्रिंट काढून द्या ना' म्हणत पेनड्राइव्ह पुढे करणाऱ्याला नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. त्यांना मेल करायला सांगा, तो ब्राउझरमध्येच उघडा आणि तिथूनच प्रिंट काढा. शृंगारतळीला किंवा चिपळूणला झेरॉक्स काढायला तुमचा पेनड्राइव्ह नेलात, तर परत आल्यावर उघडायच्या आधी त्याला स्कॅन करा. फोल्डरच्या जागी सगळे शॉर्टकट दिसायला लागले तर त्यातल्या एकावरही दोनदा क्लिक करू नका. आणि खोलीत भिंतीवर जो वायफायचा पासवर्ड लावला आहे, त्याच जाळ्यावर तुमचा हिशोबाचा कॉम्प्युटर आहे का? राउटरमध्ये बहुतेक 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. पाहुण्यांना ते द्या.

पासवर्ड वहीत लिहू नयेत असं सगळे सांगतात. मी उलट सांगेन, लिहा. दूरदेशीचा चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही. पण होमस्टेच्या घरात ती वही कीबोर्डशेजारी नको, आणि मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी तर नकोच. ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत वेगळा आणि लांबलचक ठेवा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्या मेलवरूनच बदलता येतात. ईमेलला आणि बुकिंगच्या खात्याला टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी फोनवरच्या कोडवाचून आत शिरणं अवघड.

घरोघरी दिसणारा आणखी एक प्रकार : खाली उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस' अशी लाल चौकट येत राहते. लोक घाबरून त्यावर क्लिक करतात, नाहीतर नवीन अँटिव्हायरस आणतात. ही चौकट बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटची नोटिफिकेशन असते. केव्हातरी पाककृती किंवा पंचांग बघताना 'अलाऊ' दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथल्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका, व्हायरस 'बरे' होतात. अशा पानावर फोन नंबर असेल तर तो लावायचा नाही. फोनवर कुणी एनीडेस्क किंवा तसलं मशीन लांबून चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्यायचा.

हे सगळं करूनही एखाद दिवशी पाय घसरू शकतो, मोठमोठ्यांचा घसरला आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार त्याने ठप्प केला, आणि आपल्या उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही त्यात अडकलं. रीतसर अपडेट घेणारेच त्यात फसले होते. कंपनीला पुन्हा उभं राहायला सगळ्या जाळ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरची एक चांगली प्रत हवी होती, आणि ती सापडली घाना देशातल्या कचेरीत. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. तुमचं पत्र वाचताना मला हेच आठवलं.

तेव्हा मशीनपासून आणि जाळ्यापासून तुटलेली प्रत हवी. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. दर एकादशीला साबुदाणा भिजत पडलेला असतो तेवढ्या वेळात रजिस्टर, पत्ते, स्कॅन आणि फोटो तिच्यावर उतरवा आणि लगेच केबल काढा. लावून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस मशीनबरोबरच कुलूपबंद करतो. हवेतला खार, श्रावणातला दमटपणा, गडगडाटात जळणारे राउटर, हे तर आपल्या पाचवीला पुजलेलं. शिवाय चिपळूणात २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून दुसरी प्रत घराबाहेर हवी, पुण्याला मुलाकडे किंवा गूगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते. 'बघून क्लिक कर' म्हणणाऱ्याला हे काम द्या. दर गणपतीला येताना डिस्क आणायची, नवीन प्रत भरून न्यायची.

पैसे गेलेच, तर आधी बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला फोन, त्याच तासात. चूक ना बँकेची ना तुमची, असं असेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला होता. त्याच नियमात, ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणं फार महाग पडतं.

शेवटी त्या आधार कार्डांबद्दल. पाहुणे गेल्यावर ते फोटो कशाला ठेवता? नियमाने जेवढी नोंद लागते तेवढी ठेवा आणि बाकीचं काढून टाका. पुढच्या पाहुण्यांकडून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार मागा. सीझन संपल्यावर नवीन मशीन घ्याल तेव्हा जुनं एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यातली डिस्क काढून घ्या. थोड्या पैशांत मिळणाऱ्या डबीत बसवली की ती बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. दुकानदाराशी किंमत ठरवतानाच सांगून ठेवा, की डिस्क त्यात धरायची नाही.